मेंढी जगली, बैल मेले

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून काढलेली प्रेतं पाहिली. त्यातलं बरंचसं आता विसरलो. पण बैलांच्या विषबाधेची एक फिर्याद होती, ती मात्र डोक्यातून जायला तयार नाही. ठाण्याच्या हिशेबात ती अगदी साधी फिर्याद. ढोर मेलं म्हणून आमच्याकडे कोणी फार धावपळ करत नसे. कोणाचंही नाव मी सांगणार नाही, गावाचंही नाही. नांदगाव खंडेश्वरच्या अंगाला, काळ्या जमिनीचं, कापूस-ज्वारीचं गाव, एवढं पुरे.

आमचे जिल्हे नुकतेच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आले होते. वरून येणाऱ्या हुकुमांची भाषा बदलली, ठाण्याचं काम तेच राहिलं. मी ठाणेदार. हाताखाली एक जुना जमादार आणि मोजके शिपाई. फोन नव्हता. काही कळायचं ते माणसाच्या तोंडून कळायचं, आणि माणसाला यायला जेवढा वेळ लागेल तेवढ्या उशिरा कळायचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावचा कोतवाल धापा टाकत ठाण्यात आला. बसलाही नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "साहेब, तीन बैल मेले जी गावात. जहर घातलं म्हनते. ज्यानं घातलं त्याले आखरावर निंबाले बांधून ठेवलं. तुमी लवकर नाई आले तं तोबी जाते."

मी रपट लिहायला सांगितली आणि जमादाराला घेऊन सायकलीवर निघालो. चिखल इतका, की अर्ध्या वाटेत सायकलीच आमच्या खांद्यावर आल्या. आखरावर, म्हणजे गावाबाहेर गुरं गोळा होतात त्या मोकळ्या जागी, पोचलो तर पोळ्याचं आंब्याच्या पानांचं तोरण अजून तसंच टांगलेलं होतं, आणि पलीकडे निंबाला तो माणूस बांधलेला. चाळिशीचा असेल. तोंड सुजून डोळे मिटले होते. डावा हात कोपरातून भलतीकडेच वळला होता. गाव भोवती उभं होतं आणि कोणी मारलं हे कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण ठाणेदारानं जमावासमोर तोंड सोडलं की पुढचा तपास संपला, हे मी तोवर शिकलो होतो. दोर कापायला लावले, त्याला पाणी पाजलं आणि मग फिर्याद लिहून घ्यायला चावडीत बसलो.

फिर्यादी म्हणजे बैलांचा मालक. गावातला पहिल्या दोन-तीन घरांतला शेतकरी. दरसाल पोळ्यात त्याच्या दोन जोड्या तोरणाखाली सगळ्यांच्या पुढे असायच्या. यंदा पोळ्याच्या सकाळी तीन बैल उठेनात. कण्हत पडून राहिले, तोंडातून फेस, शेणात रक्त. एक पोळ्याच्या संध्याकाळी गेला, दोन आज पहाटे गेले. फक्त पाखऱ्या नावाचा चौथा बैल ठणठणीत उभा होता.

"संशय कोणावर?" मी विचारलं.

"संशय कायचा साहेब, खात्री आहे," मालक म्हणाला. "उन्हाळ्यात माही म्हैस मेली. याले निरोप धाडला, ढोर ओढून ने. तं हा म्हने, तुमची ढोरं तुमीच ओढा. आता ढोरं मारून दाखवली त्यानं."

हे थोडं उलगडून सांगायला हवं. त्या माणसाची वस्ती नुकतीच बौद्ध झाली होती. त्याआधी गावातलं मेलेलं ढोर ओढून नेणं पिढ्यानपिढ्या त्यांच्या माथी होतं. दीक्षा घेतल्यावर त्यांनी ते काम सोडलं आणि सोडायला सगळ्यांत पुढे हा होता. गावाला ते लागलं होतं. वाण्यानं उधारी बंद केली, मळणीला बोलावणं बंद झालं, आणि आता बैल मेल्यावर वस्तीच्या वाटेवरच्या विहिरीत पोहरा टाकायलाही बंदी झाली. ढोरांना जहर घातल्याचा आळ आमच्या भागात त्यांच्यावरच येई, कारण पूर्वी कातडं त्यांच्याकडे जायचं. पण कातड्याचा धंदाच ज्यानं सोडला तो कातड्यासाठी ढोर कशाला मारील, हा साधा सवाल गावात कोणी स्वतःला विचारला नव्हता.

घरझडतीत त्याच्याकडे पांढऱ्या खड्यांची एक पुडी सापडली. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. मी खडा उचलून गढूळ पाण्याच्या लोट्यात फिरवला. थोड्या वेळात गाळ खाली बसला. तुरटी होती, दुसरं काही नाही. पंचांपैकी एकजण म्हणाला, "जहर काय घरात ठेवून बसन का तो?" म्हणजे सापडलं असतं तरी तोच, नाही सापडलं तरी तोच.

मी रीतीप्रमाणे बैलांनी शेवटी काय काय खाल्लं ते विचारलं. कडबा, ढेप, गुळाचा गोळा. आणि मालकानं आपणहून सांगितलं, पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांचे खांदे चोळतात त्या खांदमळणीच्या वेळी, त्यानं बैलांना औषध दिलं होतं. त्याच्याकडे थोड्या मेंढ्या होत्या. त्यांच्या पोटातल्या किड्यांसाठी त्यानं अकोल्याच्या बाजारातून गोळ्यांचा डबा आणला होता, पातळ औषध भरलेल्या मऊ गोळ्या. मेंढ्या महिन्याभरात भरल्या, लोकर तुकतुकीत झाली. पोळ्यात बैलही तसेच दिसावेत म्हणून बैलांनाही दिल्या.

"औषधानं तर नाही ना झालं?" मी म्हणालो.

मालक रागावला नाही. उलट त्याला बरंच वाटलं असं मला दिसलं. म्हणाला, "तुमी आत्ता पाहा ना साहेब. त्याच डब्यातली गोळी मेंढीले देतो, सगळ्या गावासमोर."

पोलीस पाटलानं मान डोलावली, पंच तयारच होते. आमच्या गावांतून ही जुनी पद्धत. खाण्यात काही कालवल्याचा संशय आला की कोंबडीला, कुत्र्याला नाहीतर बकरीला चारून पाहायचं. जनावर जगलं की खाणं साफ. मेंढी आणली, तिचा जबडा उघडून मालकानं स्वतःच्या हातानं एकीच्या जागी दोन गोळ्या घातल्या आणि तिला चावडीच्या खांबाला बांधलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मेंढी रवंथ करत उभी होती. येणारा-जाणारा पाहून जात होता. बायका डोक्यावर घागरी घेऊन थांबायच्या, पाहायच्या, पुढे जायच्या.

जमादार मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, औषध साफ आहे. आता कागद वाढवून काय फायदा? आरोपी हातात आहे, कारण आहे, बोललेले शब्द आहेत." जमादार वाईट माणूस नव्हता. त्याला जे दिसलं ते तो बोलत होता. मीही ती मेंढी पाहिली होती. तरी मी शिपायाला मोटारीनं अमरावतीला धाडलं, जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन यायला. आरोपीला आदल्याच दिवशी बैलगाडीत घालून अमरावतीच्या दवाखान्यात पोचवलं होतं. अटक झालेला माणूस म्हणून खाटेशी शिपाई आणि उजव्या हाताला बेडी.

त्याचा जबाब घ्यायला मी दवाखान्यात गेलो होतो, तो दिवस मी विसरत नाही. त्याची बायको खाटेजवळ जमिनीवर बसली होती. त्याला बोलताना धाप लागत होती, लघवीतून रक्त जात होतं.

"मी त्या गोठ्यात गेलोच नाई जी," तो म्हणाला. "बोललो ते खरं. तुमची ढोरं तुमीच ओढा, असं बोललो. तेवढंच बोललो. ढोर मेलं का आमचंच काम वाढे साहेब. तेच तं सोडलं आमी. मंग ढोर मारून मी काय करू?"

"कोणी मारलं तुला?"

त्यानं नावं सांगितली नाहीत. म्हणाला, "मार खाल्ला त्याचं जाऊ द्या. हात बसला तं बसला. पन माह्या नावावरचं हे पुसून टाका साहेब. लोकं म्हनतीन, धरम बदलला आन जहर घालाले लागले. वस्तीतल्या पोरायले कोनी वावरात उभं करनार नाई."

 मी उठलो तेव्हा बायकोनं फक्त विचारलं, "तपास कोन करून राहिलं जी? तुमीच ना?" मी हो म्हणालो.

जनावरांचे डॉक्टर आले. पुण्याकडचे, हुशार, बोलायला तुसडे. आल्या आल्या म्हणाले, "कशानं मेले ते मी सांगेन. कोणी मारले ते मला विचारू नका." गोठ्यातल्या अंधारात कापाकापी करायला त्यांनी नकार दिला. बैल नाल्याकाठी मोकळ्यावर आणा म्हणाले. आणि मग सगळं अडलं. गावातला एकही माणूस मेलेल्या बैलाला हात लावायला पुढे येईना. ढोरं फुगली होती, वास सुटला होता. मालकानं सवयीनं वस्तीच्या दिशेला पाहिलं. मी म्हणालो, "तिकडे काय पाहता? दोर आणा." शेवटी मालक, त्याचे दोघे भाऊ आणि पुतण्या, चौघांनी नाकाला फडकी बांधून तिन्ही बैल नाल्यापर्यंत ओढले. कोणी मदतीला गेलं नाही. रस्त्यावरची दारं लावलेली होती आणि फटींतून डोळे दिसत होते.

डॉक्टरांनी ताज्यातला ताजा बैल आधी उघडला. पोटाच्या आतली बाजू मला दाखवली. "सोमलाचं विष असतं तर ही बाजू लालभडक दिसली असती, सोलवटून निघाली असती. काही नाही. आता हे पाहा." त्यांनी यकृत बाहेर काढलं. पिवळट झालं होतं. बोट टेकवलं तर रुतत होतं. दुसऱ्या बैलाचंही तसंच. रासायनिक विश्लेषकासाठी तुकडे बाटल्यांत भरून मी लाखेचं सील लावलं, पण डॉक्टरांना अहवालाची वाट पाहायची गरज दिसत नव्हती. त्यांनी मालकाला विचारलं, "यांना काय पाजलंत?"

"मेंढ्यायचं औषध दिलं होतं डॉक्टरसाहेब. पन त्याचं काई नाई. मेंढीले देऊन पायलं. साऱ्या गावानं पायलं."

"मेंढीला कशाला दिलंत? मेले तर बैल आहेत."

डबा मागवला. त्यावरचं नाव वाचून त्यांनी मान हलवली. कार्बन टेट्राक्लोराइड. "किती दिलंत बैलाला?"

"मेंढीले एक गोळी लिहेल आहे. बैल म्हंजे दहा मेंढ्यायचं वजन. म्हनून दहा," मालक म्हणाला. त्याला हिशेब अगदी बरोबर वाटत होता. सरकी-ढेप आपण अशीच वजनावर देतो, मग औषध का नाही.

डॉक्टर नाल्याच्या पाण्यात हात धूत माझ्याशी बोलत होते. मी विचारलं म्हणून त्यांनी समजावून सांगितलं, नाहीतर ते स्वतःहून बोलणारे नव्हते. म्हणाले, "बैल म्हणजे मोठी मेंढी नव्हे, ठाणेदार. औषध पोटात गेलं की आधी ते रक्तात उतरायला हवं. घोड्याच्या पोटात ते लवकर पुढे सरकतं. गाय-बैलाच्या, मेंढीच्याही पोटाचे चार कप्पे, पहिल्यात चाऱ्याचा एवढा मोठा साठा. औषध त्यात मुरतं. काही औषधं तिथेच मोडून निकामी होतात, काही रेंगाळून हळूहळू भिनतात. आणि रक्तात उतरलं की त्याचा निकाल लावायचं काम यकृताचं. प्रत्येक जातीचं यकृत आपल्या रीतीनं ते काम करतं. कुत्र्याला मॉर्फिया टोचला तर गुमान पडून राहतो. मांजराला तेवढाच टोचा, पिसाळल्यासारखं अंगावर येईल. ससा धोत्र्याचा पाला खाऊन उड्या मारतो. तुम्ही फिनेलनं ओटा धुता, त्यात पाय भिजलेलं मांजर ते पाय चाटून मरतं, कुत्र्याला सहसा एवढं होत नाही. हे औषध मेंढीचं यकृत बहुतेक वेळा सोसतं, गाय-बैलाचं सोसत नाही. का, ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही. पण सोसत नाही हे ठाऊक आहे. गुरांसाठी याच रोगावर वेगळी पूड मिळते. मेंढीवरून बैलाची परीक्षा करणं म्हणजे शेजाऱ्याला ताप आहे का पाहून स्वतः औषध घेणं."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी म्हणालो, "एवढं लिहून द्या, मी आरोपीला सोडवतो."

"देतो. पण तुमचा तो चौथा बैल?" डॉक्टर म्हणाले. "मालक म्हणतो त्यालाही दहा गोळ्या दिल्या. त्याच्या डोळ्यांत पिवळेपणा नाही, चरतोय मस्त. तीन मरावेत आणि चौथ्याला शिंकही येऊ नये? कोर्टात वकील मला सोलून काढेल. म्हणेल, औषध चौघांना दिलं, जहर तिघांच्या गव्हाणीत पडलं."

गावही हेच म्हणत होतं. एक मेंढी आणि एक बैल, असे दोन जिवंत साक्षीदार त्या माणसाच्या विरुद्ध उभे होते.

मी मालकाला पुन्हा बसवलं. औषध कोणी दिलं? माझ्यासमोर दिलं. चौघांना तुमच्यासमोर? हो. बैल कोणी धरले? मी वेसण धरली, गड्यानं गोळ्या घातल्या. चौघांना असंच? इथे तो जरा थांबला. मग म्हणाला, तिघांचं झालं तेव्हा नांदगावचे पाहुणे आले, म्हणून तो बैठकीत गेला. पाखऱ्याला गड्यानं एकट्यानं दिलं. गड्यानं तसं येऊन सांगितलं होतं.

गडी म्हणजे त्याचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा. तिशीतला, मुकाट. मेंढीची परीक्षा झाली, झडती झाली, पंचनामे झाले, तेव्हा प्रत्येक वेळी तो हजर होता आणि कुठेच दिसला नव्हता. जमादार म्हणाला, "द्या माझ्याकडे, दोन मिनिटांत बोलता करतो." मी नको म्हणालो. नोकरीत माझं एक निरीक्षण आहे. खोटं बोलणाऱ्याला मारलं तर तो दुसरं खोटं सांगतो, कारण तुम्हाला काय हवं ते त्याला मारातून कळतं. त्यापेक्षा सांगितलेलं करून दाखवायला लावावं. तोंड खोटं बोलतं, हातपाय तितक्या सहज बोलत नाहीत.

मी त्याला गोठ्यात नेलं. पंच बरोबर घेतले. सरकीचे लहान गोळे वळून त्याच्या हातात दिले आणि म्हणालो, "पाखऱ्याला त्या दिवशी औषध दिलंस ना? तसंच आत्ता दे. एकटा होतास, तर एकट्यानंच दे."

पाखऱ्या म्हणजे उंच, तिखट जनावर. सालदारानं वेसणीला हात घातला तशी त्यानं मान अशी झटकली की तो गव्हाणीवर आदळला. उठून पुन्हा गेला. जबडा उघडायला एक हात, गोळी घालायला एक हात, मग वेसण धरायची कशानं? तिसऱ्यांदा शिंग त्याच्या बरगडीला घासून गेलं. त्यानंतर तो पुढे गेलाच नाही. सरकीचे गोळे मुठीत धरून शेणातच खाली बसला.

"दिल्या होत्यास का रे गोळ्या?" मी विचारलं.

"नाई जी."

"कुठे गेल्या?"

त्यानं वर बोट दाखवलं. गोठ्याच्या छपरात, वाशाच्या फटीत चिंधी खोचलेली होती. जमादारानं शिडी लावून काढली. आत गोळ्या होत्या, उष्णतेनं एकमेकींना चिकटून गेलेल्या. त्याच डब्यातल्या, त्याच रंगाच्या. पंचांसमक्ष मोजून मुद्देमालात घेतल्या.

"मालक म्हने, पाखऱ्यालेबी दे," तो सांगू लागला. "मी एकटा. त्यानं शिंग मारलं. म्हनलं, सनाच्या तोंडावर कोन जीव देते. गोळ्या खोचल्या आन दिल्या म्हनून सांगतलं."

"त्या माणसाला निंबाला बांधलं तेव्हा का नाही बोललास?"

त्यानं मुठीतले गोळे खाली ठेवले. मग म्हणाला, "मले वाटलं, मेंढ्या तं त्याच औषधानं जगल्या. मंग औषधाचा काय संबंध? आन बोललो असतो, तं मालकानं मलेच बांधलं असतं साहेब."

मला त्याचा राग आला, आणि खोटं कशाला सांगू, त्याची कीवही आली. साल अजून पुरं व्हायचं होतं. घर मालकाच्या जागेत. त्याला भेव होतं ते खरं होतं. पण एका माणसाच्या बरगड्या मोडत असताना त्यानं ते भेव तोलून पाहिलं आणि गप्प राहिला, हेही तितकंच खरं होतं. मालक दारात उभा राहून सगळं ऐकत होता. त्याचा चेहरा उतरला. "म्हंजे माह्याच हातानं," एवढंच तो म्हणाला आणि आत निघून गेला. त्या निंबाला बांधलेल्या माणसाबद्दल तो त्या दिवशी एक शब्द बोलला नाही.

जबाब, पंचनामा, डॉक्टरांचं मत, सगळं घेऊन मी दुसऱ्या सकाळच्या पहिल्या मोटारीनं अमरावतीला गेलो. आधी दवाखान्यात जायचं, त्याला सांगायचं, बेडी काढायची आणि मग सुटकेचे कागद घेऊन मॅजिस्ट्रेटकडे, असं मनात होतं. वॉर्डात शिरलो तर खाट रिकामी. शिपाई व्हरांड्यात बसला होता, मला पाहून उभा राहिला. आरोपी आदल्या दिवशी गेला होता. तार केली होती, ती पोस्टातून माणसाहाती ठाण्याला पोचायच्या आत मी गाव सोडलं होतं. शिपाई म्हणाला, "साहेब, बेडी मी मेल्यावर काढली. डॉक्टरनं लिहून दिल्यावर." नियमाप्रमाणे त्याचं बरोबर होतं. 

बायको शवागाराच्या भिंतीशी बसली होती. मी सांगितलं, तुझा माणूस निर्दोष आहे, औषधानं बैल मेले, सगळं सिद्ध झालं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यायले सांगतलं का कोनी?"

पुढचं लवकर सांगून टाकतो. मारहाणीचा गुन्हा खुनाच्या कलमात गेला. मी मालक, त्याचे भाऊ आणि आणखी काहींना धरलं. सगळा गाव आखरावर होता, पण कोर्टात उभं राहून कोणीच काही पाहिलेलं नव्हतं. कोणी वावरात होतं, कोणी पाहुण्यांकडे, कोणाला डोळ्यांनी कमी दिसत होतं. कोतवालही उलटला. सगळे सुटले. सालदारानं औषधाबद्दल खरी साक्ष दिली, कारण त्यात कोणाचं काही जात नव्हतं.

आणि बैलांची केस? ती आपोआप बंद झाली. सरकारी वकील मला म्हणाले, "आरोपी मेला की खटला संपला. मेलेल्याला कोर्ट निर्दोष सोडत नाही, त्याची गरजही नसते." कायद्यानं ते बरोबर. पण मृत्यूमुळे फाईल बंद, एवढंच लिहिलं तर गावात अर्थ काय निघणार ते मला ठाऊक होतं. मी हट्टानं वेगळा अहवाल लिहिला. विषप्रयोग घडलाच नाही, फिर्याद गैरसमजातून, बैल चुकीच्या औषधानं मेले, मयत इसमाचा काहीही संबंध नाही. वरच्या साहेबांनी दोनदा परत पाठवला, एवढा खटाटोप कशाला म्हणून. तिसऱ्यांदा सही केली.

अहवाल मंजूर झाल्याचं मी मयताच्या बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "कागद तुमच्या ठान्यात राहीन साहेब. ज्यायनं बांधलं त्यायले चावडीत सांगा. माह्यासमोर सांगा." वाजवी मागणं होतं. मी बाजाराच्या दिवशी गेलो, दवंडी पिटवली. चावडी भरली. ती वस्तीतल्या चार बायकांबरोबर पायरीखाली उभी होती. मी वर ये म्हणालो. ती वर आली तसे पुढे बसलेले काही लोक सरकून मागे गेले. मी वर्दीत उभा राहून अहवाल वाचला, मग सोप्या भाषेत समजावला. मेंढीचं यकृत, बैलाचं यकृत, छपरातल्या गोळ्या. नावानिशी सांगितलं, या माणसानं जहर घातलं नव्हतं.

कोणी वाद घातला नाही. मालक खाली पाहत बसला होता. शेवटी मागून एक म्हातारा, चांगला वारकरी माणूस, अगदी सहज म्हणाला, "साहेब म्हनते तं असंन बावा. पन मेंढी तं मेली नाई ना."

दोन-चार माना हलल्या. लोक उठून बाजाराला गेले.

ती माझ्यापाशी आली. मला वाटलं रडेल. म्हणाली, "तुमी सांगतलं, मी आयकलं. घरी पोरायले मी सांगीन." काही दिवसांनी ती तेल्हाऱ्याकडे आपल्या भावाच्या गावी निघून गेली असं कोतवालाकडून कळलं. वस्तीतली आणखीही काही घरं त्या वर्षात उठली.

पुढे नोकरीत मी अनेक नव्या फौजदारांना शिकवलं. डोळ्यांनी पाहिलेल्या पुराव्याला सगळ्यांत जास्त भ्या, असं सांगत आलो. खोट्या साक्षीदाराला फोडता येतं, तो आतून हललेला असतो. पण गावानं मिळून काही खरोखर पाहिलं आणि त्याचा अर्थ चुकीचा लावला, तर त्यांना फोडणार कसं? ते खोटं बोलतच नसतात. तपास मी पुरा केला, सत्य काढलं, सगळ्या गावापुढे उभा राहून वाचलंही. त्या दिवशी चावडीत माझ्यावर विश्वास ठेवला तो फक्त त्या पाच बायकांनी, आणि त्यांना ते आधीपासूनच ठाऊक होतं.